कुंपणापलीकडची खाडी

माझा नवरा म्हणतो, तुला इतका राग कशाचा आला तेच मला कळत नाही. ती खाडी काय आपल्या मालकीची होती?

नव्हती. मालकीची असती तर भांडायला एखादं ऑफिस असतं, एखादा वकील असता, निदान एक फाइल असती. जे आपलं नाही ते गेल्यावर माणसाने काय करायचं, हे मला कोणी शिकवलेलं नाही. मी चिडले. अजून चिडलेली आहे. लिहून काढ म्हणजे मोकळं वाटेल, असा सल्ला देणाऱ्यांवरही थोडी चिडलेली आहे.

आम्ही शारजात राहतो, रोल्लाच्या मागच्या गल्लीत. नवरा अबुधाबीच्याही पलीकडे, रुवैसला रिफायनरीत आहे, आठवड्याच्या शेवटी घरी येतो, दुरुस्तीचं शटडाऊन असलं की तेही नाही. मी एका शिपिंग कंपनीत डॉक्युमेंटेशनचं काम करते. मुलगी कॉलेजात आहे. तिच्याशी मराठीत बोललं की उत्तर इंग्रजीत येतं, आणि तेही कानातला इअरफोन न काढता.

आमच्या समोरच्या दारात चेची राहायची. मल्याळममध्ये मोठ्या बहिणीला चेची म्हणतात. अख्खी बिल्डिंग तिला त्याच नावाने हाक मारायची. तिने उभं आयुष्य इथल्या एका हॉस्पिटलात नर्स म्हणून काढलं होतं. नवरा केव्हाच गेला होता, दोन्ही मुलगे कॅनडात. आम्ही हिंदीत बोलायचो. तिची हिंदी मोडकी, माझी पुणेरी, पण कधी अडलं नाही.

एका शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, ती मला लिफ्टमध्ये भेटली. केस ओले, चपलांना वाळू, आणि अंगाला समुद्राचा वास. मी विचारलं, एवढ्या सकाळी कुठून? ती म्हणाली, नाइट ड्यूटी संपली की मी पोहायला जाते. मग माझ्याकडे जरा बघून म्हणाली, "आना है?"

मला पोहता येत नव्हतं. पुण्यात भावाला उन्हाळ्याच्या सुट्टीत पोहायच्या टँकवर घातलं होतं. मीही हट्ट धरला तेव्हा आई म्हणाली होती, तुला कुठे समुद्र ओलांडायचाय! पुढे लग्न झालं आणि समुद्र ओलांडून इथे आले, विमानात बसून, सीट बेल्ट बांधून. आईचंही बरोबरच होतं म्हणायचं. पण त्या गोष्टीचा राग माझ्या पोटात इतकी वर्षं होता हे मला त्या लिफ्टमध्ये कळलं. मी म्हटलं, येते.

शारजाहून उत्तरेला साधारण तासभर गाडी चालवली की हायवे सोडून एक कच्चा रस्ता लागायचा. त्याच्या शेवटी ती खाडी. इथले लोक खाडीला खोर म्हणतात. समुद्राचं पाणी जमिनीच्या आत शिरलेलं, दोन्ही बाजूंना तिवरांची झाडं, मध्ये वाळूचा एक लांबट पट्टा. लाटा नाहीत. ओहोटीला पाणी इतकं मागे सरायचं की तळाची वाळू उघडी पडायची आणि तिच्यावर बगळे तोऱ्यात चालायचे. थंडीत रोहित पक्षी यायचे. कधी दूर एखादा म्हातारा आपली होडी घेऊन बसलेला असायचा, बाकी कोणी नाही. दुकान नाही, पार्किंग नाही, पाटी नाही. या देशात पाटी नसलेली जागा मी तोवर पाहिलीच नव्हती.

पाण्यात शिरताना चेची पाय उचलायची नाही, घासत न्यायची. तळाशी पाकटी, म्हणजे चपटे मासे, बसलेल्या असतात, पायाची चाहूल लागली की त्या आपणहून निघून जातात, पाय पडला तर मात्र शेपटीचा काटा मारतात. आम्ही दोघी सलवार-कमीजमध्येच उतरायचो. पहिले काही शुक्रवार मी नुसती गळ्यापर्यंतच्या पाण्यात तिचा हात धरून उभी राहिले. घट्ट. तिच्या मनगटावर माझ्या नखांचे वळ उठायचे. ती कधी ओरडली नाही. एवढंच म्हणायची, "पानी को पकड़ो मत. छोड़ो. वो तुमको पकड़ेगा."

एक दिवस त्याने पकडलं. मी पाठीवर होते, कान पाण्याखाली, आणि चेचीचा हात माझ्या पाठीखाली नव्हता. कसलाच आवाज नव्हता. चाळिशी उलटून गेलेली बाई मी, ऑफिसात कंटेनरचे नंबर तपासणारी, घरी डबे भरणारी, आणि माझं वजन कोणीतरी घेतलं होतं. मी रडले. पाण्यात रडल्याचा फायदा असा की सांगावं लागत नाही.

त्यानंतर काही वर्षं मी एकही शुक्रवार चुकवला नाही. घरी सांगायचे, चेचीबरोबर जाऊन येते. नवरा म्हणायचा, बिल्डिंगच्या पूलवर शीक की, लेडीज टायमिंग आहे. मी त्याला समजावून सांगायच्या फंदात पडले नाही. मुलीला एकदा घेऊन गेले. तिने फोटो काढले, नेटवर्क नाही म्हणून कुरकुरली आणि गाडीत जाऊन बसली.

आमच्या ऑफिसचा मॅनेजर स्कॉटलंडचा आहे. बोलायला बरा, जुन्या पद्धतीचा. माझ्या फोनवर खाडीचा फोटो बघून तो एकदम हळवा झाला. त्याचं गाव असंच पाण्याकाठी आहे, म्हणाला. तिकडे समुद्र डोंगरांच्या मधून आत शिरतो, त्याला लॉख म्हणतात, आणि त्याच्या एका कोपऱ्यातल्या बेचक्यात यांचं घर. त्याने मला त्याच्या आईने पाठवलेला फोटो दाखवला. राखाडी पाणी, काळे खडक, ओल्या गवताचा उतार, एक उलटी करून ठेवलेली होडी. माणूस एकही नाही. किती शांत, असं मी म्हटलं. तो म्हणाला, शांत आहे, आणि कोणाचंही आहे. आमच्याकडे किनाऱ्यावर चालत जाणाऱ्याला कोणी अडवू शकत नाही, जमीन कोणाचीही असो. कायदाच आहे तसा. हे सांगताना त्याचा चेहरा इतका अभिमानी झाला होता की मला त्याचा हेवा वाटला. कॉफी पिताना आम्ही अधूनमधून आपापल्या खाड्यांबद्दल बोलायला लागलो. आपापल्या म्हणाले मी. बघा, जीभ कशी घसरते.

मग एका शुक्रवारी कच्च्या रस्त्याच्या कडेला लाल झेंड्या लावलेल्या खुंट्या दिसल्या. पुढच्या वेळी तिवरांमधून जाड पाइप टाकलेले. त्यानंतर गाळ उपसणारं जहाज आलं, घरघरत उभं राहिलं, आणि वाळूचा पट्टा दर शुक्रवारी थोडाथोडा नाहीसा झालेला दिसायला लागला. रोहित त्या थंडीत आलेच नाहीत. आणि पाटी आली. केवढी! दुमजली घराएवढी. तिच्यावर निळंशार पाणी, पांढऱ्या बोटी, आणि योगा मॅट घेऊन चाललेली एक गोरी बाई. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, निसर्गाच्या कुशीतली शांतता. शांतता होती तिथे. त्यांनी आधी ती घालवली आणि मग विकायला काढली.

मी घरी येऊन तावातावाने सांगितलं. मुलगी म्हणाली, "ममा, इट्स जस्ट अ बीच." नवरा म्हणाला, डेव्हलपमेंट होणारच, आपण तरी इथे कशामुळे आलो? मी त्याला म्हटलं, तू एकदा तरी येऊन बघायचं होतंस. तो म्हणाला, बघून काय केलं असतं?

त्याच सुमाराला चेचीला हॉस्पिटलने निरोप दिला. वय झालं. नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की माणूस जातो, हे आम्हा सगळ्यांना पाठ आहे. पण तिच्याबाबतीत ते मला ऐकवेना. या शहरातली किती मुलं तिने पहिल्यांदा हातात घेतली असतील! त्यातली कितीतरी आता मोठ्या गाड्या उडवत फिरत असतील. वॉर्डात केक कापला, शाल दिली, फोटो काढले. कॅनडातल्या मुलांनी ये म्हटलं नाही, ते फक्त म्हणाले, अम्मा, गावचं घर आहे ना. त्या घरात आता कोणी नव्हतं. भांडी आणि कुलूप.

चेची मात्र शांतपणे कपाटं रिकामी करत होती. पातेली एकीला, पडदे दुसरीला, मिक्सर मला. मी म्हटलं, चेची, तुम्हाला राग येत नाही? ती साडीची घडी घालता घालता म्हणाली, "किस पे करेगा गुस्सा? कोई सामने होना चाहिए ना." मला तिच्या त्या शांतपणाचाही राग आला. रोज पेशंटच्या शिव्या ऐकून ऐकून ती तशी झाली असेल. मी तशी होऊ शकत नाही.

तिची एकच इच्छा होती. जायच्या आधी खाडीत एकदा पोहायचं.

आम्ही ऑफिसच्या दिवशी गेलो. मी खोटं सांगून सुट्टी काढली होती. कच्चा रस्ता जिथे संपायचा तिथे आता पत्र्याचं उंच कुंपण होतं आणि एक गेट. गेटवर निळ्या शर्टातला सिक्युरिटी गार्ड. त्याने हात आडवा केला आणि हिंदीत म्हणाला, मॅडम, आगे अलाउड नहीं है. मी त्याला सांगितलं, आम्हाला काही बघायचं नाही, बांधकामाकडे जायचंही नाही, फक्त पाण्यापर्यंत जाऊन येतो. या बाई कायमच्या देश सोडून चालल्यात. तो म्हणाला, पास पाहिजे. पास कोण देतं? ऑफिस. ऑफिस कुठे आहे? दुबईत.

मी चेचीकडे वळून मराठीत पुटपुटले, यांच्या बापाचा समुद्र आहे का! चेचीला ते कळायचं नव्हतंच. ते माझ्यासाठीच होतं.

"बापाचा नाही ताई," गार्ड मराठीत म्हणाला, "पण कुंपण त्यांचं आहे."

तो चिपळूणच्या आतल्या एका गावचा निघाला. खरं तर मी तिथेच थांबायला हवं होतं. पण मला अजूनच चेव आला. मी म्हटलं, तुम्ही मराठी माणूस असून आम्हाला अडवता? वाक्य तोंडातून निघालं आणि त्याचा फोलपणा मलाच झोंबला. मराठी आहे म्हणून त्या बिचाऱ्याने काय करायचं होतं? पत्रा फाडायचा होता?

तो चिडला नाही. वर खांबावर लावलेला कॅमेरा त्याने डोळ्यांनीच दाखवला. "मी सोडलं तर उद्या मी गावी," तो म्हणाला. "तुम्ही माझ्यावर ओरडा, काही हरकत नाही. दिवसभरात कोणीतरी मराठीत बोललं."

चेचीने माझा दंड धरला आणि गाडीकडे नेलं. ती म्हणाली, चलो, घर चलते हैं. मी म्हटलं, नाही. मी गाडी वळवली आणि हायवेवरून पुढे जाऊन खाडीच्या दुसऱ्या बाजूने आत घातली. तिकडे कुंपण अजून पोचलं नव्हतं. रस्ताही नव्हता. गाडी ठेवून आम्ही तिवरांच्या मधून निघालो. चिखल गुडघ्यापर्यंत. चेचीची एक चप्पल चिखलाने गिळली ती गिळलीच. साठीची बाई, एका पायात चप्पल, सलवार वर खोचलेली, मधूनमधून हसत होती. मी हसत नव्हते.

पाण्यापाशी पोचलो आणि बघितलं तर ते पाणी नव्हतंच. चुन्याची निवळी करताना कालवल्यासारखं पांढुरकं काहीतरी होतं. हात बुडवला की बोटं दिसेनात. पलीकडे ते जहाज घरघरत होतं. चेची कमरेपर्यंत आत गेली, सवयीने पाय घासत. खाली पाकटी कसल्या असणार! तिने ओंजळीत पाणी घेतलं, बघितलं आणि सोडून दिलं. मग परत फिरली. "बस, हो गया," म्हणाली.

झालं नव्हतं. माझं तर मुळीच झालं नव्हतं. मी तशीच आत शिरले आणि पोहायला लागले. त्याआधी मी नेहमी जपून पोहायचे, किनाऱ्याला धरून, चेची दिसेल अशा बेताने. त्या दिवशी मी सरळ पुढे गेले. तोंडात गाळ जात होता, डोळे चुरचुरत होते. मी पाण्याला हात मारत नव्हते, फटके मारत होते. त्या पाटीला, त्या योगा मॅटवाल्या बाईला, शाल देणाऱ्या हॉस्पिटलला, कॅनडातल्या मुलांना, बघून काय केलं असतं म्हणणाऱ्या नवऱ्याला. इतकी ताकद माझ्या खांद्यांत आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी खाडीच्या मध्यापर्यंत गेले असेन. तेवढ्यात शिट्टी ऐकू आली.

सिक्युरिटीची मोटरबोट होती. भोंग्यातून एक माणूस इंग्रजीत ओरडत होता, बाहेर या, इथे पोहायला बंदी आहे. मी ऐकलं नाही. बोट माझ्याभोवती फेरी मारायला लागली, तिच्या लाटा तोंडावर यायला लागल्या. मी थांबून पाठीवर झाले आणि तशीच तरंगत राहिले. काही म्हणा, कान पाण्याखाली असले की भोंगा फार लांबचा वाटतो. मग मला काठावर उभी असलेली चेची दिसली. ती दोन्ही हात हलवून मला बोलावत होती, आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा घाबरलेला होता. तिच्यासाठी मी परत फिरले.

काठावर सिक्युरिटीचा सुपरवायझर येऊन थांबला होता. त्याने आमच्या दोघींच्या आयडीचे फोटो काढले. मी त्याला म्हटलं, या बाईंचा काढू नका, त्या पोहल्या नाहीत. त्याने तरी काढला. वर समजुतीच्या स्वरात म्हणाला, तुमच्या सेफ्टीसाठीच आहे हे सगळं. यल्ला, खलास. चला, झालं, घरी जा. आमची सेफ्टी! इतकी वर्षं त्या खाडीत आमच्या केसालाही धक्का लागला नव्हता.

माझा व्हिसा नवऱ्याच्या नावावर आहे. आयडीवरून तक्रार झाली तर ती त्याच्यावर जाणार, म्हणून त्याला सांगणं भाग होतं. फोनवर तो म्हणाला, घरी आल्यावर बोलू. आठवड्याच्या शेवटी घरी आला आणि दार लावून मग बोलला. एका डुबकीसाठी तू सगळ्यांना पणाला लावलंस, म्हणाला. मुलीचं कॉलेज, त्याची नोकरी, सगळं. मीही ऐकून घेतलं नाही. मी म्हटलं, भाडं वाढलं तेव्हा गप्प, तुझं प्रमोशन दुसऱ्याला दिलं तेव्हा गप्प, चेचीला काढलं तेव्हा गप्प. आपण कधी बोलणार आहोत?

तो खुर्चीत बसला. ओव्हरटाइमने पार सुकलेला चेहरा. म्हणाला, "गप्प बसलो म्हणूनच इथवर आलो ना आपण?"

त्याच्या या वाक्याने माझा राग कमी झाला असं नाही. आम्ही काही आठवडे मीठ दे, पाणी दे, एवढंच बोलत होतो. आयडीच्या फोटोंचं पुढे काही झालं नाही. कोणाचा फोन आला नाही. माझा विरोध त्यांनी नोंद घेण्याच्या लायकीचाही मानला नाही, हेही एक.

चेची गेली. एअरपोर्टवर तिने मला कडकडून मिठी मारली आणि म्हणाली, पोहणं सोडू नकोस. ट्रॉली ढकलत आत गेली, एकदाही मागे न बघता. नर्स लोक बहुतेक असंच जात असावेत.

त्यानंतर थोड्या दिवसांनी ऑफिसात मॅनेजरने सगळ्यांना केक वाटला. त्याने घर बुक केलं होतं. पाण्याला लागून व्हिला, बोटीसाठी स्वतःचा धक्का, मागे तिवरं. तो माझ्या टेबलापाशी मुद्दाम आला, खुशीत होता. म्हणाला, तू फोटो दाखवला होतास ना, तीच जागा. तुझ्यामुळेच मला माहीत झाली.

मी हातातलं पेन खाली ठेवलं. मग विचारलं, सर, तुमच्या गावात किनाऱ्यावर कोणीही चालत जाऊ शकतं, असं तुम्ही म्हणाला होतात. तो जरा वरमला. म्हणाला, हो, पण हे वेगळं आहे. हा वेगळा देश आहे, इथले नियम वेगळे. मग पुन्हा उजळून म्हणाला, "तू कधीही ये पोहायला. माझी पाहुणी म्हणून. गेटवर माझं नाव सांग."

तो मनापासून बोलत होता. त्याचाच तर त्रास झाला. वाईट माणसावर चिडणं सोपं असतं.

मी म्हटलं, "सर, तुमच्या त्या लॉखला कोणी कुंपण घातलं आणि मी तुम्हाला पाहुणे म्हणून बोलावलं, तर तुम्ही याल?"

तो लाल झाला. केकची बशी माझ्या फाइलींवर ठेवून केबिनमध्ये गेला. तेव्हापासून आमचं कॉफीचं बोलणं बंद आहे. ईमेलवर मात्र तो पूर्वीपेक्षा जास्त सभ्यपणे लिहितो. इन्क्रिमेंट इन्शाल्ला होईल, असं एचआरवाली म्हणते. बघू.

चेचीचा अधूनमधून फोन येतो. तिच्या घरामागे तळं आहे, पण त्यात शेवाळ माजलंय आणि गावात म्हाताऱ्या बायका पोहत नाहीत, लोक बघतात. मी म्हटलं, बघू देत. तुम्ही उतरा. ती हसली. गुस्सा कम करो, बीपी बढ़ेगा, म्हणाली. मी तिला सांगितलं, माझ्या बीपीचं मी बघते, तुम्ही आधी पाण्यात उतरा. मग ती म्हणाली, कल देखती हूँ. मी म्हटलं, उद्या नाही चेची, आज.